फ्लॉसचा नंबर

लानवेरी
मंगळवार, १८ जून

प्रिय नेस्टा,

तुझ्या गुडघ्याची खुशाली कळव, आणि फ्लॉसच्या कानामागे माझ्यातर्फे खाजव. इकडे वाटाण्याला शेंगा धरल्यात, मॉट पायाशी घोरतोय. एकूण ठीक.

ठीक कसलं! एम्लिननं कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीत स्वतःच्या कुत्रीला, टेसला छळलं अशी तक्रार गेल्यापासून क्लबात कुणाचा कुणावर भरवसा राहिलेला नाही. मी चहाच्या तंबूत शिरले की बोलणं तुटतं आणि सगळ्यांना एकदम हवापाणी आठवतं. त्याची बहीण ना मी! ओल्वेन तर कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत असते. काल माझ्या फाटकाला कुणीतरी कुत्र्याचा पट्टा अडकवून गेलं. मी तो हातमोजे घालून काढला. हस खुशाल.

तक्रार केल्याचा संशय मात्र सगळ्यांचा तुझ्यावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. परवा ओल्वेन भर तंबूत म्हणाली, "स्वतःला धावता येईना, म्हणून दुसऱ्याच्या वाईटावर! गुडघा गेला, पण जीभ शाबूत आहे बाईंची." सगळे हसले. मीही हसले, नेस्टा.

एम्लिन दर रविवारी माझ्याकडे जेवतो. या वेळी मटण चिवडत म्हणाला, "डिली, तिच्या फ्लॉसला पिल्लू असल्यापासून मी शिकवलं, आणि तिनं हे पांग फेडले. आता तुझ्याशिवाय विश्वास ठेवायचा कुणावर?" मी त्याला आणखी बटाटे वाढले. टेस टेबलाखाली होती. त्यानं हात हलवला की ती मान आत ओढून घ्यायची.

स्पर्धेच्या त्या शनिवारी तू खुर्चीत होतीस आणि तुझ्या फ्लॉसला मी पळवत होते. टेसनं सीसॉवरून लवकर उडी मारली, गुण गेले. एम्लिननं तिला व्हॅनमागे नेलं आणि पट्ट्याला धरून उचललं. आधी पुढचे पाय सुटले, मग मागचेही. ती ओरडलीसुद्धा नाही. पाच मिनिटांनी तो तंबूत सगळ्यांना केक वाटत होता.

मैदान सोडायच्या आत तक्रारवहीत लिहावं लागतं, खाली नावाऐवजी कुत्र्याचा नंबर. मी माझ्या मॉटचा अठ्ठ्याऐंशी घालायला हवा होता. माझ्या छातीवर फ्लॉसचा होता, दोनशे चौदा. तोच लिहिला गेला. सवयीनं, असं मी महिनाभर स्वतःला सांगतेय. खरं सांगू? पेन ठेवायच्या आधीच चूक लक्षात आली होती. खोडायला एक रेघ पुरली असती. मी वही मिटली.

आता त्या पट्ट्याचं. तो टेसचाच आहे, एम्लिननं त्याच दिवशी तुझ्या खुर्चीमागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलेला. तो तूच उचललास, काल माझ्या फाटकाला तूच अडकवलास, मला वहीत लिहितानाही तूच पाहिलंस आणि तरी माझं नाव कुणाला सांगितलं नाहीस, असा माझा दाट संशय आहे. तसं असो वा नसो, मला माझी लाज वाटते.

गुरुवारी समिती बसतेय. पट्टा घेऊन मी जाणार आहे. एम्लिनला आज दुपारी त्याच्या घरी जाऊन स्वतः सांगेन. रविवारपासून बटाटे एकटीपुरतेच सोलायचे. फोन उचलू नकोस हवं तर, पण ही चिठ्ठी ओल्वेनला वाचून दाखव.

तुझी,
डिलिस
नंबर अठ्ठ्याऐंशी