इंजिनातलं पाणी

प्रिय खारूताई,

फोनवर बाबा शेजारी असले की मला ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलता येत नाही, म्हणून आईचं हे पत्र. ‘बोटीचं ते जुनं इंजिन भंगारात घाला आणि बॅटरीवरची मोटर बसवा,’ असं तू म्हणालीस, ‘मग मलाही भंगारात घाल,’ असं बाबा म्हणाले, आणि तू हत्यारांची पेटी उचलून खाडीपलीकडे स्वतःचं वर्कशॉप थाटलंस. त्याला परवा आठ महिने झाले. इतके दिवस बाप-लेकीने एकमेकांशी शब्द बोलू नये म्हणजे कमालच! आमच्या अंगणातून तुझं निळं छप्पर दिसतं. बाबा रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून दात घासतात.

तर बातमी अशी की बोटीच्या इंजिनात पाणी शिरलं. सोमवारी बाबांनी किल्ली फिरवली आणि इंजिन ‘ठक्’ करून जागच्या जागी अडकलं. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेलाला दुधाच्या चहाचा रंग. बाबांचा चेहरा मात्र बिनदुधाच्या चहासारखा. शेजारचे इस्त्रीकाका, ज्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, ते कडक शर्ट घालून सल्ला द्यायला हजर. बाबांनी इंजेक्टर काढून पुन्हा स्टार्टर मारला, तर सिलिंडरमधून पाण्याची कारंजी उडाली ती थेट काकांच्या इस्त्रीवर. बाबांनी एक थेंब जिभेला लावला. मग काका कसले मागे राहतात, त्यांनीही लावला. खारट! म्हणजे इंजिनात आतल्या आत फिरणारं गोडं पाणी नव्हे, हे बाहेरून आलेलं, खाडीचं.

मग घराचा कारखाना झाला. इंजिन थंड ठेवणारा कूलर माझ्या कपड्यांच्या टबात बुडवून, सायकलच्या पंपाने हवा भरून दोघं पंक्चरवाल्यांसारखे बुडबुड्यांची वाट पाहत बसले. एक बुडबुडा येईल तर शपथ. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टचा वाकडा पाइप जेवणाच्या टेबलावर आला. बाबा त्यात टॉर्च मारून एका डोळ्याने बघतायत आणि मी ताटं हातात घेऊन उभी. तोही धडधाकट निघाला. तेल तीनदा बदललं. या सगळ्यात मी न मागता चहा करून देत होते, तेव्हाच खरं तर त्यांना शंका यायला हवी होती.

गुरुवारी मात्र ते पायरीवर बसून हळूच म्हणाले, ‘पोरगी बरोबर बोलली होती. म्हातारं झालंय इंजिन.’ आणि भंगारवाल्याला फोन लावायला त्यांनी चष्मा मागितला. चष्मा मी पिठाच्या डब्यात लपवला. कारण इंजिनाचा काही दोष नव्हता गं. दोष माझा होता.

मला तुझ्याकडे यायचं होतं. बस मला लागते, आणि यांचा हट्ट काही सुटत नव्हता. म्हटलं, आपणच बोट शिकू. इतकी वर्षं यांना किल्ली फिरवताना पाहिलंय, त्यात काय मोठंसं! मागच्या आठवड्यात तीन दुपारी, बाबा झोपले की मी धक्क्यावर जाऊन नुसती स्टार्टर मारत बसले. तिसऱ्या दिवशी ‘ठक्’ झालं आणि मी घरी पळाले.

शुक्रवारी बाबांनी शेवटी एक्झॉस्टचा डबा उघडला. दोन बादल्या पाणी! काकांना म्हणाले, ‘इंजिन ठणठणीत आहे. कुणीतरी बंद करायची लाल मूठ ओढलेली ठेवूनच स्टार्टर मारलाय. डिझेलच नाही तर इंजिन सुरू कसं होणार? पण पंप खाडीचं पाणी ओढतच राहतो. बाहेर ढकलायला धूर नाही, मग ते डब्यात साठतं आणि उलटं आत शिरतं.’ काकांनी आपण नव्हे म्हणून शपथा घेतल्या. मी घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

आज दुपारी बाबा घोरायला लागल्यावर, बोटीत पडलेली माझी केसांची पिन शोधायला गेले. ती लाल मुठीलाच अडकवलेली होती. खाली चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर: ‘आधी ही आत ढकलावी. तरी सुरू न झाल्यास पाण्याची तोटी बंद करावी. चाचणी रविवारी, पलीकडच्या काठापर्यंत.’ मला तिथेच रडू आलं. घरी आले तर हे अजून घोरतच होते, पण नाकावर चष्मा होता आणि काचांना पीठ लागलेलं होतं.

तर पत्राचं कारण असं. काका आज संध्याकाळच्या बसने तिकडे येतायत, ते हे तुझ्या हातात देतील. उद्या, रविवारी अकराला तुझ्या धक्क्यावर उभी राहा. बोट मी चालवणार आहे, असं मी ठरवलंय. ती सुरू करायला मी शिकले, थांबवायला अजून नाही. तेव्हा बाबा दोर फेकतील, तो तू पकडायचास. कुणी आधी बोलायचं याची काळजी करू नकोस. दोर फेकताना त्यांना ‘खारे, धर!’ असं ओरडावंच लागेल.

तुझीच,
स्टार्टरवाली आई