न्हाऊ घालतानाचं गाणं

प्रिय हिमानी,

तुझी आजी सध्या भलताच भाव खाऊन आहे. विद्यापीठातला मुकुंद दर रविवारी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन येतो आणि तिची कोलामी भाषा उतरवून घेतो. तिच्याएवढी कोलामी येणारं माणूस आपल्या नात्यात आता उरलेलं नाही. मला अर्धीमुर्धी समजते, तुला तर तेवढीही नाही. पहिल्या दिवशी आजी लाजली होती. आता शनिवारीच लुगडं धुऊन ठेवते. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच का तोडायचा, कुठल्या तापाला कुठलं मूळ, सगळं आधी कोलामीत, मग त्याच्यासाठी मराठीत. परवा त्यानं सुपाची वीण विचारली, तर म्हणाली, "तोंडानं काय सांगू गा? कामट्या घे हाती." बिचाऱ्याची बोटं सोलून निघाली.

अडलं ते एका गाण्यावर. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना आपल्या घरच्या बायका म्हणत आल्या, ते. तुलाही तिनं त्याच गाण्यावर न्हाऊ घातलंय. मी बाळंतीण, तेवढ्यात माझा डोळा लागायचा. चाल आठवते, शब्द नाहीत. आजी म्हणते, रिकाम्या पायांवर ते म्हणत नसतात. मुकुंदनं सीताबर्डीवरून बाहुली आणली. आजी इतकी हसली की कवळी सांभाळावी लागली. शेजारच्या श्वेताचं बाळ दिलं, तर त्याचे लाड केले, पण गाणं काही नाही. त्या गाण्यात बाळाच्या आईचं, तिच्या आईचं नाव घ्यायचं असतं, आणि ती नावं आपल्याच घरची हवीत म्हणे. आजी ऐंशी ओलांडून गेली. तिच्याबरोबर ते गाणंही गेलं तर, या विचारानं मला खरंच भीती वाटते.

फोनवर बोलले असते, तर तू लगेच अडचणी सांगायला लागली असतीस, म्हणून लिहितेय. बाळंतपण पुण्यातच करायचं तुमचं ठरलंय, विक्रमरावांची नोकरी तिथे, सगळं मान्य. पण गेल्या आठवड्यापासून आजी रोज दुपारी गॅलरीतल्या उन्हात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळते. विचारलं, तर म्हणाली, "वजन पेललं पाहिजे ना वं." तेव्हापासून मला गप्प राहवत नाही. बाळंतपणाला नागपूरला ये, बाळा. मी लिहायला बसलेली पाहून आजीनं निरोप दिलाय, "तिले म्हण, मशीनपायी नोको येऊ. माह्यापायी ये."

वाट पाहणारी, तुझीच
आई