दुम्यातच्या पकडी आणि बिघडलेली हत्यारं

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आजपासून रोज लिहिणार. रावयाच्या लग्नाला वीस दिवस. पोरीचा पलंग मी एकटा करणार. दुम्यातसारख्या सुतारांच्या शहरातला सुतार असून मुलीचा पलंग दुसऱ्याकडून करवला तर त्याने पुन्हा लाकडाला हात लावू नये.
सकाळी पकडीने साधा खिळा निघेना. कारण सापडलं. पकड ही पहिल्या वर्गाची तरफ: टेकू मध्ये, एका बाजूला जोर, दुसऱ्या बाजूला भार. माझ्या पकडीचे दांडे आखूड. हात ठणठणीत आहे.

५ ऑक्टोबर
जेवणानंतर अक्रोड. अडकित्ता दुसऱ्या वर्गाचा, भार मध्ये, त्यामुळे कायम फायद्यात. तरी फुटेना. यंदाचा मालच कडक. बायकोने, इन्साफने, त्याच अडकित्त्याने चार फोडले. तिला सोपे मिळाले.

९ ऑक्टोबर
शेजारच्या कारखान्यातल्या शहाताकडे चहा. पेला हातातून पडला. गुळगुळीत पेले आणतो मेला. म्हणाला, "उस्ताद बदावी, हात दाखव कुणाला तरी. किती दिवस बघतोय मी." मी म्हटलं, डॉक्टरांना तरफेतलं काय कळतं? त्याने दुसरा चहा ओतला. म्हणजे पटलं.

१२ ऑक्टोबर, दुपारी
पलंगाच्या उशाकडच्या फळीवर शिंपल्याचं नक्षीकाम. चिमट्यातून तुकडा सात वेळा निसटला. चिमटा तिसऱ्या वर्गाचा: जोर मध्ये, भार टोकाला. शंभर लावा, टोकाला वीस पोचतात. असली हत्यारं कुणी काढली?
डुलकी काढून उठलो तर सगळे तुकडे जागेवर. सकाळी मीच बसवले असणार. इन्साफच्या बोटांना सरस लागला होता. कशाला मध्ये मध्ये करते?

१७ ऑक्टोबर
युक्ती. पकडीच्या दोन्ही दांड्यांवर हातभर लोखंडी नळी चढवली. जोर चौपट. उशाच्या फळीतला वाकडा खिळा मुळ्यासारखा उपटून आला.
पकडीखाली लाकडाची चकती ठेवायची असते, नाहीतर टेकू फळीत रुततो. हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. पण नळीला दोन्ही हात लागले, चकती धरणार कोण? उशाच्या फळीला वीतभर चीर पडली.
हिशोब बरोबर होता. लाकूड चुकलं.
झोप नाही. भीती वाटते, कसली ते लिहीत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
लग्नाचं सामान मिरवत नवऱ्याच्या घरी गेलं. ढोल, भोंगे, बायकांच्या आरोळ्या, सगळी गल्ली गॅलऱ्यांत. चीर शहाताने भरून दिली. तरी इन्साफने त्या फळीवर चादर टाकली. दुम्यातमध्ये सामान झाकून कुणी नेत नाही. समोरची म्हातारी ओरडली, "काय गं, पलंगाला थंडी वाजते?" सगळे हसले. रावया नाही हसली.
लग्नानंतर नवी पकड घ्यायची. लांब दांड्यांची.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
निकाह झाला. मुलीच्या बापाने नवऱ्याचा उजवा हात आपल्या उजव्या हातात धरायचा, अंगठ्याला अंगठा, वर पांढरा रुमाल, आणि काझी सांगतील ते म्हणायचं. मला वाटलं, रुमालाखाली कोणाला काय दिसणार?
पहिल्याच वाक्याला बोटं सुटायला लागली. जोर लावला, पण बोटांपर्यंत काही पोचेना. नवरामुलगा लुत्फी समोरच बघत राहिला आणि त्याने दोघांच्या वाटचं घट्ट धरलं. हळूच म्हणाला, "काका, धरलंय मी. तुम्ही फक्त बोला."
बोललो. रडलोही. लोकांना वाटलं, पोरीसाठी.
जेवताना त्याला विचारलं, तुला कधी कळलं? तो लाजला. रविवारी डॉक्टरकडे जायचंय म्हणाला. इन्साफने त्याच्यामार्फतच डॉक्टरची वेळ घेतली होती, पंधरा दिवसांपूर्वी. रावयाला ठाऊक आहे. शहाताला ठाऊक आहे. समोरच्या म्हातारीलाही.
मी एवढे दिवस हे सगळं कोणापासून लपवत होतो?