बूड सपाटच हवं

१२ जुलै, सकाळ
निर्णय पक्का. सप्टेंबरमधल्या क्लबच्या नेमबाजीच्या मॅचला मी उतरणार, आणि तेही सपाट बुडाच्या गोळ्या स्वतः ओतून. फेब्रुवारीत ऑर्विल गेला तेव्हापासून शेडमधलं शिसं वितळवायचं भांडं थंड पडलंय. पण माणूस गेला म्हणून त्याचा नियम जात नाही. गोळीचं बूड सपाट असलं की मागून दारूचा धक्का सगळीकडे सारखा बसतो आणि गोळी सरळ जाते. कडा उतरत्या केलेलं बूड म्हणजे आळशाची सोय. काडतुसात पटकन शिरतं, एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात हे ऐकत आले. काडतुसं तो भरायचा, मी फक्त बार उडवायचे, आणि बायकांचा कप दरवर्षी आपल्या घरी यायचा.

१३ जुलै
ओतल्या. बुडं गोल आली. साचा थंड होता, माझी चूक नाही.

१४ जुलै
आज साचा जास्त तापला. पुन्हा साच्याचीच चूक.

१९ जुलै
लायब्ररीतून धातूंवरचं पुस्तक आणलं. दोन प्रकरणं वाचली. विषय समजला. आता फक्त करायचं राहिलं.
चर्चच्या जेवणात नणंद मार्डेल शेजारी बसली. ती दुकानातून तयार गोळ्या आणते, उतरत्या बुडाच्या, आणि ते लपवतही नाही. सख्ख्या भावाची तेवढी तरी लाज! मी तिला नीट समजावलं. शेवटचा गोड ॲपल पाय येईपर्यंत समजावलं. ती म्हणाली, "अगं वर्ना, गोळीचं बूड बघायला बसलंय कोण? काडतुसात गेलं की गेलं." मी म्हणाले, जे दिसत नाही तिथेच माणसाची पारख होते. सगळं टेबल आपापल्या ताटात बघू लागलं. मुद्दा पटला असावा. ऑर्विलचा मित्र हॅस्केल याला तेवढ्यात ठसका लागला, त्याची पाठ थोपटावी लागली.

२ ऑगस्ट
रेंजवर गेले. टार्गेटवर माझी भोकं अशी विखुरलेली, जणू कोणी मूठभर मटार फेकले. वारा होता. हॅस्केल म्हणाला, पानही हलत नाही. मोंटानात वारा नाही म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

३ ऑगस्ट
वारा नसेलही. चष्मा.

९ ऑगस्ट
नवा चष्मा. भोकं आता स्पष्ट दिसतात. आहेत तिथेच.
गोळी काडतुसात बसवताना तोंडाशी शिसं सोलून निघतं, बटाट्याच्या सालासारखं. ऑर्विलच्या हातून असं कधी झालं नसणार. उद्यापासून घाई बंद. संयम.

१६ ऑगस्ट, दुपारी
ऑर्विलने भरलेला शेवटचा डबा मी ठेवून दिला होता. तो वापरायचा नाही असं ठरवलं होतं. आज त्यातलं एक काडतूस घेतलं, फक्त मापासाठी. गोळी सोडवायच्या पोकळ हातोड्यात अडकवून ठोकलं, गोळी सुटून बाहेर आली.
कडा उतरती.
चुकून एखादी मिसळली असेल म्हणून दुसरं सोडवलं. मग तिसरं. मग सगळा डबा.
एकही सपाट नाही.

१७ ऑगस्ट
चर्चला गेले नाही. हॅस्केलच्या दारात गेले. त्याच्या हातावर गोळी ठेवली. बघून म्हणाला, "आत ये, कॉफी टाकतो." मी म्हणाले, कॉफी गेली खड्ड्यात, बोल.
बोलला. शेवटची काही वर्षं ऑर्विलचे हात थरथरत होते. सपाट बूड काडतुसाच्या तोंडाशी धरून ठेवता येईना. म्हणून उतरत्या कडेच्या. आपसूक बसतात. त्याही विकतच्या, हॅस्केलने आणून दिलेल्या. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती गं त्याने."
आणखी कोणाला ठाऊक होतं, विचारलं. तो टोपीशी चाळा करत म्हणाला, "क्लबात… तशी बऱ्याच जणांना कल्पना होती."
म्हणजे सगळ्यांना. ॲपल पाय येईपर्यंत माझं ऐकून घेणारं ते सगळं टेबल.

१८ ऑगस्ट
त्याचे शर्ट अजून कपाटात आहेत. आज बाहेर काढले, देऊन टाकायला. परत लावून ठेवले. ते इस्त्रीसाठी काढले होते.
सकाळी तो मला कॉफी अर्धा कपच द्यायचा. मला वाटायचं, माझ्या ब्लडप्रेशरची काळजी. पूर्ण कप सांडला असता, हे आज कळतंय. डॉक्टरकडे मी नेलं असतं. पण मी बायको. मला फक्त नियम सांगितले.
खोटारडा.

२० ऑगस्ट
कालचा शब्द खोडायला वही उघडली. तो परवाचा निघाला. खोडला नाही.

२५ ऑगस्ट
दुकानातून उतरत्या बुडाच्या आणल्या. तत्त्व बदललेलं नाही. हा प्रयोग आहे. काडतुसात लोण्यासारख्या बसल्या. मार्डेलला सांगायची गरज नाही. बुडं बघायला बसलंय कोण?

६ सप्टेंबर, सकाळ
हात स्थिर. चष्मा नवा. गोळ्या उत्तम. कप कुठे ठेवायचा ते ठरवून टेबल पुसलं.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
बायकांत पाचवी. पाच जणी होतो.
कप मार्डेलला. तिला बोलायला उभं केलं. म्हणाली, "हा कप खरं तर वर्नाचा. उन्हाळाभर माझं डोकं खाल्लंन हिने. म्हटलं, एकदा सपाट बुडाच्या ओतून तरी बघू. दादा म्हणायचा ते खरंच होतं हो!" तिचे डोळे भरून आले. टाळ्या पडल्या. मला मिठी मारली, माझा नवा चष्मा वाकडा झाला.
मागून कोणीतरी ओरडलं, "वर्ना, तुझ्याही सपाटच ना?"
सगळे माझ्याकडे बघत होते. मार्डेल तर अशी बघत होती, जणू ऑर्विलच उत्तर देणार आहे.
मी म्हणाले, "म्हणजे काय! आमच्या घरी दुसऱ्या आल्याच नाहीत कधी."
हॅस्केल कुंपणापाशी उभा होता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि गप्प राहिला. त्याला सवय आहे.