पासंगाचं नाणं

प्रिय धाकटोबा,

तुझी मंगळवारची मेल वाचली आणि आधी कपाळावर हात मारून घेतला. सतरा प्रश्न! एका नाण्याबद्दल सतरा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी ‘ताई कशी आहेस’ असा अठरावा, तोही प्रश्नचिन्हाशिवाय. म्हणून आज हाताने लिहितेय. मेलवर मी काहीही लिहिलं तरी तू पहिल्या दोन ओळी वाचतोस आणि आणखी फोटो मागतोस. हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच.

अरे, छळायचं तरी किती? म्हणे, नाणं कडेनेच धर, बोटं लावू नकोस, पुसू नकोस, फुंकर तर अजिबात मारू नकोस. फोटो उजेडात काढ, पण उन्हात नको. तिरका काढ, पण वाकडा नको. तिरकं आणि वाकडं यांत काय फरक असतो, हे मला बावन्नाव्या वर्षी धाकट्या भावाकडून शिकावं लागलं. तू पाठवलेले पांढरे सुती हातमोजे घालून मी खिडकीपाशी उभी होते, तर समोरच्या बाईंनी विचारलं की घरात कुणी आजारी आहे का. चुंबक लाव म्हणालास, लावला. चिकटला नाही, तर तुला इतका आनंद झाला की जणू ते नाणं तूच पाडलं होतंस. तुझी बायको सांगते की जेवणाच्या टेबलावर तू भिंग घेऊन मी पाठवलेले फोटो बघत बसतोस आणि ताट तसंच गार होतं. तिची मला दया येते. माझी तुला येत नाही, ते सोड.

ते सापडलं कसं, हे तू तीनदा विचारलंस. आता चौथ्यांदा सांगते, आणि या वेळी पूर्ण सांगते. स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता म्हणून कपाटावरचा बाबांचा तराजू खाली काढला. तोच, दुकानात त्यांच्या टेबलावर असायचा तो. गावभरचे तराजू दुरुस्त करून झाले की त्यांची वजनं बाबा ज्याच्यावर पडताळून बघायचे. काढताना डावं पारडं निसटलं आणि त्याच्या बुडाशी लाखेने चिकटवलेलं नाणं सुटून गॅसच्या शेगडीखाली गेलं. ते पारडं उजव्यापेक्षा जरासं हलकं होतं, म्हणून बाबांनी त्याला नाण्याचा पासंग लावला होता. आठवतं ना, तुझा पहिला नंबर आला की आत्या म्हणायची, ताई काही याच्या पासंगालाही पुरायची नाही. बाबा इतर वेळी गरीब माणूस, पण त्यावर भडकायचे. म्हणायचे, पासंग म्हणजे काय ते आधी समजून घे, तो काढला तर आख्खा तराजू खोटा पडतो. मी नववीत होते. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

तर मी तुला वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली सहज लिहिलं की बाबांच्या तराजूतून एक जुनं चांदीचं नाणं निघालं, एका बाजूला जहाज आहे. दहा मिनिटांत तुझं उत्तर. दहा मिनिटांत! बाबा गेल्यावर दुकान बंद करताना मी त्यांची हत्यारं तुला न विचारता भंगारवाल्याला दिली, ही माझी चूकच झाली. त्यावर तू फोनवर म्हणालास, ‘ताई, तुला कशाचीच किंमत नाही,’ आणि तीन वर्षं गप्प झालास. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन कळवलं, तू अंगठा पाठवलास. आत्या गेली ते कळवलं, तर दोन जोडलेले हात. आणि या जहाजासाठी अकरा आठवड्यांत चौदा मेल, कोष्टकांसकट. मला राग आला होता. खूप राग आला होता.

तुझ्या हुकमावरून मी नाणेवाल्याकडेही गेले. बाजारातल्या चपलांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर बसतो. डोळ्याला भिंग लावून त्याने जहाज पाहिलं आणि चक्क खुर्चीत सरसावून बसला. शिडाचे दोर सुटे सुटे दिसतात, असं नाणं हजारांत एखादं, म्हणाला. मग त्याने नाणं उभं धरलं, कड पाहिली, आणि भिंग काढून टेबलावर ठेवलं. तुला मी एवढंच कळवलं की तो ‘विचार करण्यासारखं आहे’ म्हणाला. म्हणाला होता खरा, पण कड बघायच्या आधी.

आणि तू काय केलंस? नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचा फॉर्म परस्पर माझ्या नावाने भरलास, शुक्रवारी कुरिअरवाला येईल म्हणालास, आणि वर, ताई, तू फक्त सही कर. फॉर्ममध्ये लिहिलंय, वजन आठ ग्रॅम, नाण्यावर कुठलंही घासकाम केलेलं नाही. खाली माझं नाव. तो कागद चार दिवस फ्रीजवर पडून आहे. मी सही करणार नाही.

ऐक आता. त्या नाण्याच्या कडेला कानशीचे ओरखडे आहेत, सगळ्या बाजूंनी. बाबांनी लावून बघितलं असेल, जड झालं असेल, थोडं घासलं असेल, पुन्हा लावलं असेल, काटा मधोमध येईपर्यंत. जहाजाकडे त्यांनी पाहिलं तरी असेल का, कोण जाणे. अशा नाण्याला कुणी दर्जा देत नाही. घासलेलं म्हणून शिक्का मारून परत पाठवतात. हे मला नाणेवाल्याने सांगायची गरज नव्हती. गॅसखालून काढलं तेव्हाच बोटाला कळलं, बाबांची कानस मी ओळखणार नाही का? म्हणून तर फोटो काळ्या कापडावर काढले, कड दिसू नये म्हणून. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी ज्या काट्यावर मुलांसाठी क्षार मोजून देते, त्यावर ते भरलं सात पूर्णांक बासष्ट. तुला लिहिलं, आठच्या आसपास. तराजूवाल्याची मुलगी, आणि वजनात खोटं बोलले. कारण खरं सांगितलं असतं तर तुझा अंगठा आला असता आणि विषय संपला असता. मला तुझे ते सतरा प्रश्न हवे होते रे. वैतागत होते, शिव्या घालत होते आणि रोज मेल उघडून बघत होते. शुक्रवारी कुरिअरवाला आला तर त्याला रिकामा परत पाठवीन. तराजू धुऊनपुसून परत कपाटावर ठेवलाय, पण नाण्याशिवाय तो उजवीकडे झुकतो आणि माझं लक्ष सारखं तिकडे जातं. लाख आणून ठेवली आहे. मी एकटी चिकटवणार नाही. तू ये, पारडं तू धर, काटा मी बघते.

तुझीच,
ताई