आबांच्या हातातली मान

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी गाडी मागे घ्यायची म्हटलं की मला अजून कमरेपासून सगळं अंग वळवावं लागतं, आणि दर वेळी तुमचा राग येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही.

दुसऱ्या महायुद्धात मी मिलिटरीची लॉरी चालवायचो, ती घाटात उलटली आणि माझी मान मोडली. मिलिटरीच्या दवाखान्यात कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेचे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडले. चार महिने हनुवटीपर्यंत प्लॅस्टर. सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, जोडलेली जागा फिरणार नाही, फिरवायचीही नाही. बाकीची मान हळूहळू सुटेल, तोवर धीर धर, मग गाडी चालवशील. कोरेगावच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या मालकाने दिवाळीपर्यंत माझी ड्रायव्हरची जागा धरून ठेवली होती. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

पण मी कुंडलला घरी आलो आणि तुम्ही होतात तालमीचे वस्ताद. पंचक्रोशीतला अवघडलेल्या मानेचा प्रत्येक पैलवान तुमच्यापुढे पाटावर बसायचा. कोमट तेल, चार बोटं मानेवर, एक हात हनुवटीखाली, बोलण्यात गुंतवून एक हिसका, कट् आवाज, की माणूस हसत उठून जायचा. तुमच्या हाताला यश होतं, हे मी नाकारत नाही. पण माझी मान काही कुस्तीत अवघडली नव्हती. मी सांगितलं, आबा, ही मुद्दाम जोडलीया. तुम्ही तेलाची वाटी चुलीवरून उतरवत म्हणालात, "लेका, जोडल्यालं सोडवायलाच ह्यो हात हाय. गोऱ्या डाक्टरला मान काय कळतीया?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या की." तिचं कधी ऐकलंत तुम्ही? तेलाचा वास येतो, तुमचा अंगठा कानामागे रुततो, तुम्ही बैलाची काहीतरी चौकशी करता, आणि मग माझे दोन्ही हात बोटांपर्यंत पेटल्यासारखे होतात. त्यानंतर मला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. आई भरवायची. पंचवीस वर्षांच्या ड्रायव्हरला, आबा.

तरी एक वेळ तेही सोडून दिलं असतं. सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं? तुम्ही फेटा सारखा केलात आणि म्हणालात, "न्हाणीत पाय घसरला त्याचा." मी तिथेच बाकावर बसलो होतो. पुन्हा प्लॅस्टर, दिवाळी गेली, कोरेगावची जागा गेली, आणि तुम्ही पारावर सांगत फिरलात की पोराची मान मिलिटरीनं बिघडवली.

बोटांत जीव यायला वर्ष गेलं. मग मी अंगणात ज्वारीच्या पोत्यावर बसून रोज सकाळी शिकलो: पाय रोवायचे, कमरेतून वळायचं, खांदा आधी, डोळे नंतर. तुम्ही येता जाता बघायचात. आई एकदा म्हणाली की तुम्ही आता कुणाच्या मानेला हात लावत नाही, लोक आले तर परत पाठवता. मला त्याचं काय? माझ्या आधी थांबला असतात तर उपयोग होता. सांगलीत गुळाच्या लॉरीवर काम मिळालं, दोन्ही बाजूंना मोठे आरसे बसवून घेतले. पहिल्या दिवशी तुम्ही न सांगता मार्केट यार्डात हजर. मी लॉरी मागे घ्यायला लागलो आणि तुम्ही मागे उभे राहून हमालांना ओरडून सांगायला लागलात, "सरका रं, त्येची मान वळत न्हाई." साऱ्या यार्डाने ऐकलं. मी खाली उतरून तुम्हाला घरी जा म्हणालो. तुम्ही गेलात. त्यानंतर आपण कामापुरतंच बोललो, तुम्ही जाईपर्यंत.

बायकोला, मुलांना, सगळ्यांना मी हेच सांगत आलो की बापानं मला जबरदस्तीनं बसवलं. तुमच्या कानावरही ते गेलं असणार, आणि तुम्ही एकदाही खोडलं नाहीत. हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही, म्हणून लिहून ठेवतो. दिवाळी तोंडावर आली होती आणि डॉक्टरांचं ते "हळूहळू" मला सहन होत नव्हतं. आईने "ऱ्हाऊ द्या" म्हटल्यावर तुम्ही थांबला होतात, आबा. वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत होतात. पाट मीच पुढे ओढला.