अडणारा त

३ जून

चि. गप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आई एकदा म्हणाली होती, ‘त्याचं अडलं की पुढचं तू बोलून टाक, लोक हसायच्या आत.’ तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू पाच. तेव्हापासून दुकानदाराला तुझी पेन्सिल, मास्तरांना तुझं उत्तर आणि डॉक्टरांना तुझं दुखणं मीच सांगत आले. तुझ्या लग्नाची बोलणीसुद्धा निम्मी मीच केली. आपण नक्की कुणाला होकार दिला, असं तुझी बायको अजून विचारते.

दप्तरखान्यातल्या जागेसाठी तुला मुलाखतीला बोलावलंय, हे वाचून मी पत्र हातात घेऊन घरभर फिरले. जुने कागद दुरुस्त करायचं काम, म्हणजे तुझंच काम. तुझा पुस्तकांचा बांधणीखाना बंद होऊन दहा महिने झाले. वयाची अट पाहता यानंतर तुला कुणी बोलावणार नाही, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी तू नाव सांगून पुरं करायच्या आतच त्यांनी पुढच्याला आत घेतलं होतं. आईबाबांनी नावही शोधून शोधून त चंच ठेवलं.

या वेळी तयारी पत्रांनी करू. फोनवर मी तुझी वाक्यं तोडते आणि माझीच बोलते, ही सवय मला मोडायची आहे. सोबत दहा प्रश्न लिहिले आहेत. उत्तरं लिहून पाठव, मी शाळेतल्या वह्यांसारखी तपासून देईन.

लोभ आहेच. माझ्या मास्तरकीने तो आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का


९ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दहाही उत्तरं सोबत आहेत. आठव्या प्रश्नावर मी अडलो. ‘तुमच्यातला एक दोष सांगा,’ असं तू विचारलंस. यावर ही हसत सुटली. म्हणाली, तो त्यांना न सांगताही ऐकू येईल.

मी सकाळी आरशासमोर उभा राहून उत्तरं म्हणतो. बावीस वर्षांचा अनुभव सांगताना अडत नाही, कारण ब बरा आहे. शिवण, दोरा, पुठ्ठा, खळ, हेही जातं. पण ‘कागद’ आणि ‘कातडं’ म्हणताना जबडा आवळतो. बांधणी करणाऱ्याला कागद म्हणता येत नसेल तर त्याने करायचं काय?

एक विचारू का? सलग चार रविवार तुझा फोन आला नाही. मी तीनदा केला, तिन्ही वेळा भाऊजींनी घेतला आणि तू बाहेर गेली आहेस म्हणाले. तू रविवारी कधीपासून बाहेर जायला लागलीस? तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो, त्याला फोन म्हणत नाहीत हे खरं. पण ते नसलं की रविवार संपता संपत नाही.

लोभ असू दे, आणि लाल शाई जरा जपून.

तुझा,
गप्पू


१४ जून

चि. गप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तरं छान आहेत. फक्त शब्द बदलले आहेत, लाल शाईत बघ. कागद म्हणायचं तिथे पान म्हण. कातड्याऐवजी चामडं. ‘कारण’ऐवजी ‘म्हणजे’. लहानपणी तुला ‘ताई’ म्हणता येईना, तेव्हा तूच मला अक्का करून टाकलंस ना? तीच युक्ती. घरात दुसरं कुणी मला अक्का म्हणत नाही, आणि माझं काही बिघडलं नाही.

रविवारचं मनावर घेऊ नकोस. घसा बसलाय, तो बरा व्हायला वेळ लागतोय एवढंच. वर्गात मी हल्ली फळ्यावर लिहूनच शिकवते. मुली म्हणतात, बाई रागावल्या की खडू मोडतात, त्यावरून आम्हाला कळतं.

निळा शर्ट घाल. आत गेल्यावर हात लपवू नकोस. तुझ्या बोटांवर खळीने पडलेल्या भेगा आहेत, त्या त्यांना दिसू देत.

लोभ इथून आहे, तिथूनही असू दे.

तुझी,
अक्का


६ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुलाखतीचं मुद्दाम कळवलं नव्हतं. आज नेमणुकीचं पत्र आलं, आता सांगतो. जागा मला मिळाली.

खोलीत तिघं होते. मधे एक वयस्कर बाई, दप्तरखान्याच्या प्रमुख. एका बाजूला जाड चष्म्याचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा. नाव मी सावकाश सांगितलं, ते निभावलं. मग बाईंनी विचारलं की ओल लागून कोपरा गेला असेल तर काय करता. मी तुझ्या लाल शाईप्रमाणे म्हणालो, तसंच पान निवडतो, त्याचे धागे उभे आहेत की आडवे ते बघतो, आणि त्याच पानाचं ठिगळ लावतो.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं की ठिगळासाठी तुम्ही दुसऱ्या दप्तराचं पान फाडता का. अक्का, आमच्या कामात याहून मोठं पाप नाही. मला म्हणायचं होतं कागद, कोरा कागद, आणि मी दोनदा पान म्हणून बसलो होतो. चष्मेवाल्यांनी हातातला अर्ज उलटा ठेवला.

मग मी तो शब्द घेतला. क वर अडलो. मान वाकडी झाली, डोळे मिटले, सगळं जसं होतं तसं झालं. चष्मेवाले मदत करायला पुढे झुकले आणि त्यांनी ‘का’ म्हटलंही. बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, ‘त्यांना म्हणू द्या.’

आणि त्या थांबल्या. घड्याळाकडे नाही, खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघत. किती वेळ गेला कोण जाणे. शब्द आला. मग मी आणखी एकदा म्हणालो, गरज नसताना.

त्यांनी एक फाटका कागद पुढे केला. मी ठिगळ कापलं नाही. पाण्याची रेघ ओढून हाताने फाडलं, म्हणजे कडेला धाग्यांची लव राहते आणि जोड दिसत नाही. बाईंनी तो उजेडात धरला आणि कुठे जोडलंय ते लिहून घेणाऱ्याला शोधायला लावलं. त्याला सापडलं नाही.

एक गोष्ट घरी येताना मनात आली ती लिहितो. माझा शब्द येईपर्यंत कुणी थांबलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तेवीस तारखेला, गुरुवारी, रुजू व्हायचंय. आता तरी फोन कर.

लोभ वाढवायला जागा उरली नाही, आहे तोच राहू दे.

तुझा,
गप्पू


१२ जुलै

चि. गप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तीनदा आनंदाने, आणि चौथ्यांदा त्या एका वाक्यासाठी. खरं आहे रे. चाळीस वर्षांत मी एकदाही थांबले नाही. आईने लोक हसायच्या आत म्हटलं होतं. कुणी हसणारं नव्हतं तिथेही मी बोलत राहिले. वर तुला पान म्हणायला शिकवलं आणि हातची जागा घालवत होते.

आता तुझं झालं, म्हणून माझं सांगते. घसा बसलेला नाही. आत गाठ आहे. फेब्रुवारीत कळलं. औषधांनी हटत नाही म्हणून शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. तारीख तेवीसच मिळाली. तुला आधी सांगितलं असतं तर तू मुलाखत सोडून इथे आला असतास आणि पलंगाशी गप्प बसून राहिला असतास. तुझ्या भाऊजींना मीच खोटं बोलायला लावलं. त्यांना ते जमत नाही, प्रत्येक फोननंतर ते बागेत जाऊन उभे राहायचे.

तू यायचं नाहीस. रुजू व्हायचा दिवस चुकवायचा नाहीस, माझी शपथ आहे. आणि फोनही करू नकोस. सध्या माझा आवाज न उघडणाऱ्या दारासारखा येतो. तो तुझ्या कानात राहायला नको. रविवारी बडबडायची ती अक्का तेवढी ठेव.

लोभ तुझ्या शब्दासारखा, उशीर झाला तरी पोचणारा.

तुझी,
अक्का


१७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, लिहिताना अडत नाही. कधीच अडलं नसतं. तरी मी जन्मभर अक्काच लिहीत आलो, कारण जे म्हणता येत नाही ते लिहिणं मला लबाडी वाटायची.

पत्र वाचून दोन दिवस मी काही केलं नाही. हिने माझ्या हातात सुई आणि दोरा आणून दिला, म्हणून तुझी सगळी पत्रं शिवली. लाल शाईचीही. त्या वाक्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू माझं बोलली नसतीस तर मी शाळेत दुसऱ्या दिवशी गेलोच नसतो. पेन्सिलही मिळाली नसती.

तुझी शपथ पाळतो. तेवीसला निळा शर्ट घालून दप्तरखान्यात जाईन, आणि दिवसभर माझं लक्ष कुठे असेल ते तुला माहीत आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघेन. त्याबद्दल तू शपथ घातलेली नाहीस, मी पत्र नीट तपासलं.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, आता बागेत जायला नको.

लोभ आहे आणि तो बोलल्याशिवायही कळत आलाय.

तुझा,
गप्पू

ता. क. बावीसला, बुधवारी, संध्याकाळी सहा वाजता मी फोन करणार आहे. भाऊजींना घेऊ देऊ नकोस, तू घे. तुला बोलायचं नाहीये, हूं सुद्धा करायचं नाही. मला एकच शब्द म्हणायचाय, त ने सुरू होणारा, आणि त्याला वेळ लागेल. तू नाहीच म्हणशील, हे लिहितानाच मला दिसतंय. तरी घे, आणि तो येईपर्यंत थांब.